फक्त गवतावरचे मेंढे

१

पाचवा मेंढा मेला सोमवारी, आणि लिलाव होता गुरुवारी.

वाइकारो या मेंढ्यांच्या फार्मच्या टेकडीवर, झाडांची रांग सोडून भर उघड्यावर, तो चारी पाय ताठ करून उन्हात पडला होता. डोळ्यांतला पांढरा भाग हळद चोळल्यासारखा पिवळा, मागच्या पायांवर काळपट लाल ओघळ. तोंड मात्र स्वच्छ. ना सूज, ना खपली. नेव्हिल ओरम गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ त्या तोंडाकडेच पाहत राहिला.

नेव्हिल हा वायरारापाच्या त्या डोंगरपट्ट्यातला जनावरांचा आडत्या. लिलाव पुकारायचाही तोच. जनावराचं वजन तो नुसत्या नजरेनं सांगे, आणि माणसाचंही. फरक एवढाच, की माणसाच्या बाबतीत तो आकडा मनात ठेवी आणि चहा मागे. गेल्याच महिन्यात या मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवून तो म्हणाला होता, याच्यासाठी दोन गिऱ्हाइकं भांडणार. आधी मेलेले चारही असेच होते, कळपातले सगळ्यांत भरलेले, सगळ्यांत देखणे.

वाइकारोच्या मेंढ्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. उन्हाळ्याअखेर गवताच्या बुडाशी जी बुरशी धरते, तिच्या विषानं मेंढरांचं काळीज, म्हणजे यकृत, सडतं, मग ऊन सोसवत नाही, तोंड सुजून चिघळतं, आणि जनावर सावली शोधत शोधत मरतं. वाइकारोच्या रक्ताला ते विष बाधत नाही, अशी ख्याती. ती टिकवायची रीतही तशीच. दरवर्षी काही तरण्या मेंढ्यांना डॉक्टरच्या हातून त्याच विषाचा बेताचा घोट पाजायचा आणि रक्त तपासून बघायचं. आपल्याच लेकरांना विष पाजून घराण्याची अब्रू सिद्ध करण्यातला हा प्रकार, पण गिऱ्हाईक त्यावरच भाळे.

तो घोट पाजून महिना होत नाही तोच मेंढे पटापट पडू लागले होते.

"हात लावू नकोस," मागून आवाज आला. मालक आयव्हन स्ट्रॅकन खोदायचं यंत्र घेऊन स्वतःच आला होता. सत्तरी उलटलेला माणूस, पाठ अजून खांबासारखी. मेलेलं जनावर उन्हात ठेवलं की कुत्री तोंड घालतात, म्हणाला. मग खालच्या आवाजात त्यानं खरं कारण सांगितलं, म्हणजे निदान त्याला खरं वाटणारं. मेंढपाळ राहेरानं घोळ घातला. कानातले बिल्ले नीट वाचले नाहीत, त्याच त्या मेंढ्यांना दोनदा धरलं, आणि डॉक्टरनं दोनदा पाजलं. लिलाव झाला की तिनं घर रिकामं करायचं, असं त्यानं तिला सांगितलं होतं.

नेव्हिल मेंढ्याच्या डोक्याकडे वळला. पाजलेल्या प्रत्येक मेंढ्याच्या टाळूवर पिप डॉक्टर निळ्या रंगाचा पट्टा ओढते, हे त्याला ठाऊक होतं.

या मेंढ्याच्या टाळूवर पट्टा नव्हता.

२

"पावसानं धुतला," आयव्हन म्हणाला. "म्हणून तर घोळ झाला. पट्टा गेला, तिनं परत धरला. पुरावाच आहे तो."

हे ऐकायला बरं होतं. पण शेजारच्या वाड्यात जिवंत मेंढे उभे होते, आणि त्यांतल्या पाजलेल्यांच्या टाळूवर निळा पट्टा ठसठशीत होता. पाऊस मेलेल्यांनाच तेवढा धुऊन गेला, असा न्यायी पाऊस नेव्हिलनं पाहिला नव्हता.

तो राहेरा कोपुआच्या घरी गेला. मेंढपाळाला नोकरीसोबत मिळणारं ते घर, ओढ्याच्या वळणावर. ओसरीवर गमबूट, साखळीला कुत्री. खिडकीशी पलंग ओढून ठेवला होता, त्यावर राहेराची आई. तिची एक बाजू गेल्या हिवाळ्यात लुळी पडली होती आणि तिला दिवसभर खिडकीतून डोंगर दिसावा लागे.

राहेरा चाळिशीच्या आतली, दणकट, कमी बोलणारी. तिनं त्याला बस म्हटलं नाही. खोकी अर्धी भरलेली होती.

नेव्हिलनं नेहमीच्या पद्धतीनं खोडी काढून पाहिली. लिलावात भांडी मांडलीत की काय, म्हणाला. ती हसली नाही. तेव्हा त्यानं सरळ विचारलं. बिल्ले तिनं मोठ्यानं वाचले होते, पिपनं ते मागून म्हणून दाखवले होते. पट्टा असलेला मेंढा ती दुसऱ्यांदा कशाला धरील, आंधळी आहे का ती? हे ती बॉसलाही बोलली होती. बॉसनं ऐकून घेतलं आणि घर रिकामं करायचं, हेच पुन्हा म्हटलं.

"दुसरीकडे काम बघितलंस?"

"बघितलं. तीन ठिकाणी फोन केले. सगळे गोड बोलतात हो. मग विचारतात, वाइकारोचे मेंढे मारलेस ती तूच का?" तिनं खोक्याची झाकणं एकमेकांत अडकवली. "गावात घर भाड्यानं बघितलं. आईला हो म्हणतात, कुत्र्यांना नाही म्हणतात. चार कुत्री कोणी ना कोणी नेईल. टोबीला कोण नेणार? म्हातारा झालाय."

साखळीच्या टोकाला एक पांढऱ्या तोंडाचा कुत्रा ऐकत पडला होता.

"त्याच्यासाठी कॅलमकडे बंदूक मागून ठेवलीय," ती म्हणाली. "शुक्रवारची."

३

आयव्हनचा मुलगा कॅलम नदीपलीकडे राहायचा. वळूंचा कारभार त्याचा, मेंढ्यांशी त्याचं देणंघेणं नाही. सगळी टेकडी पाइनची झाडं लावणाऱ्यांना देऊन टाकावी, असं त्याचं मत होतं आणि ते तो दारूच्या गुत्त्यापासून चर्चपर्यंत कुठंही सांगे. तेव्हा मेंढे मेल्यानं ज्याचं घोडं पुढं सरकतं, असा तो एकच.

नेव्हिलनं त्याला तसं तोंडावर म्हटलं.

"पाइनला कावीळ होत नाही," कॅलम म्हणाला. "पण मी कशाला मारू? मेंढीधंदा आपला आपण मरतोय, मला फक्त थांबायचंय." तो खुराकाची पोती रचत होता, रचता रचता पुटपुटला, की चोरीचं कोणी का बघत नाही? वळूंच्या खुराकाची पोती भराभर संपत होती. राहेराच्या घरामागे डुकरं आहेत, तिकडेच जात असणार. बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, असेल बुवा.

"बाबा तसं म्हणाले?"

"मान हलवली. तेच."

संध्याकाळी तालुक्याच्या गावी नेव्हिलनं पिप डॉक्टरला गाठलं. पिप हुशार मुलगी. पहिला मेंढा मेला तेव्हाच तिला वाटलं होतं, की आपलाच घोट जास्त झाला. ती उघडून बघायला निघालीही होती. तेवढ्यात आयव्हनचा फोन आला, की यायची गरज नाही, राहेराची चूक होती, आणि मेंढा पुरलाही.

"आणि तू थांबलीस."

"मला तेच ऐकायचं होतं ना," पिप म्हणाली. "माझी चूक नाही, हेच. दुसऱ्या कोणाची आहे म्हटल्यावर मी विचारलंच नाही."

नेव्हिलनं तिला एकच प्रश्न केला. बुरशीचं विष जास्त झालेला मेंढा कुठे जाऊन मरेल?

"सावलीत," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडातच राहिला.

"पाचही भर उन्हात होते, राहेरानं पाहिलेत. तोंडं स्वच्छ."

"मग ते विष नव्हतं," पिप म्हणाली. तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरला. "म्हणजे अजून मरतील."

४

मंगळवारी नेव्हिल एकटाच मेंढ्यांच्या वाड्यापाशी गेला. का मेले हे मेंढे सांगणार नव्हते, पण कसे जगले ते सांगतील, अशी त्याची अटकळ.

डोंगरी मेंढा माणूस दिसला की पळतो. हेही पळाले, पार वरच्या कोपऱ्यात जाऊन वळून बघू लागले. फाटकावरच्या पाटीवर आयव्हनच्या बापानं रंगवलेली अक्षरं होती, तीच लिलावाच्या पत्रकावर छापत: फक्त गवतावर वाढलेले. दाणा नाही, खुराक नाही. ही वाइकारोची दुसरी शेखी. ऐऱ्यागैऱ्यांनी पोसून गुटगुटीत केलेले मेंढे डोंगरावर सोडले की चिपाड होतात, आमचे होत नाहीत, असं आयव्हन लिलावात उभा राहून सांगे.

कुंपणाला एक रिकामी बादली उलटी अडकवलेली होती. नेव्हिलनं ती काढली, तिच्यात मूठभर खडे टाकले आणि सहज हलवली.

वरच्या कोपऱ्यातले मेंढे धावत आले.

धक्के देत, एकमेकांच्या अंगावर चढत आले. थोराड पुढे, त्यांनी कुंपणाच्या तारेवर तोंडं आणून लावली. बारके मागे राहिले, त्यांना जागा कुठे होती? नेव्हिलच्या हातातली बादली थांबली. गवताशिवाय आयुष्यात काही न चाखलेल्या मेंढ्यांना बादलीचा आवाज कोणी शिकवला?

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक भला थोरला मेंढा गुडघ्यांवर बसला, आणि उठला नाही.

५

खोदायच्या यंत्राचा आवाज पिपच्या गाडीच्या आधी आला. आयव्हनच्या घरातून वाडा दिसायचा. नेव्हिल मेलेल्या मेंढ्यापुढं उभा राहिला.

"सरक नेव्ह."

"पिपला फोन केलाय."

"माझा मेंढा आहे."

"गुरुवारी मी पुकारायचाय तो. मला बघू दे मी काय विकतोय." तो हललाच नाही. यंत्र धडधडत राहिलं, आयव्हन वर बसून राहिला, आणि दोन म्हाताऱ्यांपैकी एकालाही पुढचं पाऊल सुचेना. खालून राहेरा चढून आली. ती मेंढ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पिपनं तिथंच गवतावर मेंढा उघडला. कातडीखालची चरबी पिवळी. तिनं गुरदा काढून तळहातावर धरला. तो बंदुकीच्या नळीसारखा निळसर काळा होता.

"तांबं," ती म्हणाली.

मग तिनं पोट कापलं. आत गवत होतंच, आणि गवतात अर्धवट भिजलेल्या खुराकाच्या गोळ्या. वळूंच्या.

राहेराला समजावून सांगावं लागलं नाही. या डोंगरांत गुरांना तांबं कमी पडतं, म्हणून वळूंच्या खुराकात ते मुद्दाम घालतात. वळूला ते टॉनिक. मेंढराला ते बाहेर टाकता येत नाही. रोज थोडं थोडं काळजात साठत जातं, जनावर वरून तुकतुकीत दिसतं, आणि मग एके दिवशी धाक, धावपळ, काहीही निमित्त होतं आणि साठलेलं सगळं एकदम रक्तात सुटतं. घोटासाठी कोंडून धरलं, तेच निमित्त झालं. ज्याला पाजलं नव्हतं त्यालाही त्या कोंडण्यानंच पुरं केलं.

वर नजर टाकली तर यंत्र बंद होतं आणि त्यावर कोणी नव्हतं.

६

आयव्हन स्वयंपाकघरात बसला होता. त्यानं दोन कप चहा ओतून ठेवला होता, म्हणजे नेव्हिल येणार हे त्याला माहीत होतं.

"कॅलमची पोती," तोच आधी म्हणाला. "राहेरा नेते, असं तो म्हणतो."

"म्हणू दे. जरा हिशेब बघ." नेव्हिल खुर्ची ओढून बसला. "कॅलमला मारायचं असतं तर त्यानं सगळ्या कळपाला पुरेल एवढं टाकलं असतं. हे मात्र एकाच गव्हाणीत, मोजून, रोज. पुढे घुसणाऱ्या थोराडांनी खाल्लं, बारके उपाशी राहिले, म्हणून थोराड मेले. मारणारा असं मारत नाही. हे घालणाऱ्याला मेंढे मारायचे नव्हतेच. त्याला ते भरलेले हवे होते, गुरुवारच्या आत. कॅलमला ते हवेत कशाला? तो पाइन लावायला बसलाय. राहेराला हवे असते, तर तिनं वळूंच्या गोळ्या घातल्याच नसत्या. तुझ्याकडे यायच्या आधी तिनं चार वर्षं गुरं राखलीत, पोत्यात काय असतं ते तिला पाठ आहे. आणि दोघांपैकी कोणीही केलं असतं, तरी पुरायची घाई त्यांनी केली असती. केलीस तू. दर खेपेला, पिप यायच्या आत."

आयव्हननं कपाकडे पाहिलं.

"विष जास्त झालं म्हणून मेले, असंच मला वाटत होतं," तो म्हणाला. "देवाशपथ. पण पोट उघडलं असतं तर गोळ्या दिसल्या असत्या. बाबांची पाटी आहे फाटकावर, नेव्ह. सगळा वसंत पाऊस. गवतात नुसतं पाणी, मेंढे भरेनात. ज्यांचे बाप माझ्या बापाकडून घेत होते ते येणार, आणि त्यांच्यापुढं मी हाडं उभी करायची? मूठमूठ तर देत होतो. राहेरा मागच्या डोंगरावर गेली की."

"आणि राहेरा?"

आयव्हननं कप फिरवून ठेवला. "ती तरुण आहे. तिला कुठंतरी मिळेल."

"नाही मिळत. विचारलं मी."

मग आयव्हननं विचारलं, अगदी लहान आवाजात, की म्हणजे विषानं एकही मेला नाही?

"तुझे मेंढे विषाला टिकले, आयव्हन. तुझ्या हाताला नाही टिकले."

म्हाताऱ्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला. पण तो व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि व्यापाऱ्याचा बाप. तोंड वर केलं तेव्हा तोडगा तयार होता. राहेराला ठेवतो, घर तिचंच, पगारही वाढवतो. नेव्हिलनं गुरुवारी फक्त हातोडा मारायचा. गिऱ्हाइकांना काय, मेंढे दिसायला झकास आहेत.

"ट्रकात चढवले की पडतील."

"सगळे नाही पडणार."

नेव्हिलनं या घराकडून आयुष्यभर अडत खाल्ली होती. त्यानं चहा न संपवताच कप खाली ठेवला. म्हणाला, ठेवायचं की नाही ते मला नको विचारू. तिला विचार. आणि दार उघडलं. राहेरा ओसरीवरच होती. ती आत आली, बूट न काढता.

"मला ठेवता होय," ती म्हणाली. "मेंढे मारणारी म्हणूनच ठेवता ना, बॉस? दयेनं? उद्या तुम्ही गेलात की कॅलम काढील, आणि तेव्हाही मी तीच असेन. मला पगार नको वाढवून. ज्यांनी मला फोनवर विचारलं ते सगळे गुरुवारी शेडमध्ये असणार. त्यांच्यासमोर बोला."

"मग एकही मेंढा विकला जायचा नाही. हा नाही, पुढच्या वर्षीचा नाही."

"नाही जायचा," ती म्हणाली.

७

गुरुवारी लोकर कातरायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटेच सावकाश आणलेले मेंढे वाड्यांत उभे, टाळूवर निळे पट्टे, दिसायला झकास. बायकांनी केक मांडले होते. कॅलम दाराला टेकून होता. राहेरा मागच्या भिंतीशी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली होती, शेड गच्च असूनही.

नेव्हिल फळीवर चढला, पण हातोडा त्यानं खिशातून काढला नाही. आयव्हन बोलायचाय, एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला. म्हातारा बोलेल की नाही यावर त्यानं पैज लावली नसती.

आयव्हन खालीच उभा राहिला. टोपी काढली. सुरुवात त्यानं नेहमीचीच केली, बापाची, डोंगराची, आणि मध्येच अडकला. लोक वाट पाहत राहिले.

"मी त्यांना खुराक घातला," तो म्हणाला. "वळूंचा. चोरून. त्यानंच मेले. राहेरानं एकही बिल्ला चुकीचा वाचला नाही, आणि ती तसं सांगत होती, आणि मी तिला घरातून काढत होतो. उरलेल्यांच्या काळजात तेच आहे. यांतला एकही मी विकणार नाही. कोणी विकत मागितला तरी नाही."

यावर काय करायचं असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी शिवी दिली नाही, हेच वाईट होतं. माणसं एकेक करून बाहेर पडू लागली, केक तसेच राहिले. वानापुनी नावाचा एक म्हातारा, राहेराला फोनवर नाही म्हणणाऱ्या तिघांपैकी एक, तिच्यापुढं थांबला. त्यानं टोपीला हात लावला आणि तो निघाला. कॅलमनं बापाकडे पाहिलं. आता टेकडी त्याचीच होती, आणि त्याला ती नकोशी वाटत असल्यासारखा तो उभा होता.

पिपनं औषध आणलं होतं, पण ते सावकाश लागू पडणारं. तोवर मेंढे घाबरता कामा नयेत, धावता कामा नयेत. भरलेल्या शेडमधून त्यांना परत टेकडीवर न्यायचं होतं, आणि ते कोणाला जमेल याबद्दल शेडमध्ये दुमत नव्हतं. तरी कोणी राहेराला सांगेना.

राहेरानं कुत्री गाडीत कोंडली. मग स्वतः वाड्याचं फाटक उघडलं आणि मेंढ्यांच्या मागं न जाता बाजूनं, हात खाली सोडून, चालू लागली. बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती. पहिला मेंढा दारात आला तशी वानापुनीनं आपली चावी फिरवून बंद केली. शेजारच्यानं केली. मग सगळ्यांनी. दारं न आपटता माणसं उतरली आणि वाटेच्या दोन्ही कडांना गाड्यांना पाठी टेकून उभी राहिली. कोणी शिंकलं नाही. मेंढे मधून गेले, थांबत, वास घेत, आणि एक वाटेतच पाय फाकून डुलला. ती थांबली. सगळी वाट थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, नुसती आपली उभी राहिली, जणू तिला दिवसभर दुसरं काम नव्हतं.

त्यानं मान हलवली, आणि एक पाय पुढं टाकला.